एकशे त्रेपन्न बिनविरोध

बांगलादेशच्या संसदेत थेट निवडून येणाऱ्या जागा ३००, म्हणजे बहुमताला लागतात १५१. ५ जानेवारी २०१४ ला तिथे मतदान होतं आणि त्याच्या तीन आठवडे आधी, अर्ज मागे घ्यायची मुदत संपली त्या दिवशीच, १५३ जागांवर एकेकच उमेदवार उरला होता. एकही मत पडायच्या आधी सरकार तयार. मतदान व्हायचं होतं ते उरलेल्या १४७ जागांसाठी, पण त्याने निकालात काय फरक पडणार होता?

आकडे जरा नीट बघा. देशात मतदार ९ कोटी १९ लाखांच्या आसपास, आणि त्यातले ४ कोटी ८० लाख या १५३ मतदारसंघांतले. त्यांना त्या दिवशी काही कामच नव्हतं, घरी बसा. उरलेल्यांपैकी निवडणूक आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे ४० टक्के लोकांनी मत दिलं. तो आकडाही अनेकांना फुगवलेला वाटतो, पण चला, खरा धरू. तरी एकूण मतदारांच्या हिशोबाने पाचात एक. एवढ्यावर आवामी लीगला २३४ जागा आणि शेख हसीनांना पुढची पाच वर्षं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या ग्रुपवर दर निवडणुकीच्या निकालानंतर कुणीतरी हमखास टाकतंच, की विरोधकांनी आता सरळ बॉयकॉट करावा, लढायचंच नाही, मग बघू काय करतात. २०२५ च्या जुलैत बिहारच्या मतदार याद्यांवरून तेजस्वी यादवांनी बहिष्काराचा पर्याय बोलून दाखवला तेव्हा तर लोक एकदम खूष, वा वा, मास्टरस्ट्रोक वगैरे. मला प्रत्येक वेळी वाटतं की बाबांनो, बॉयकॉट हा प्रयोग शेजारच्या घरात चाळीस वर्षं चालू आहे, जरा डोकावून तर बघा. तिथे दोन्ही मोठ्या पक्षांनी आळीपाळीने बहिष्कार टाकलाय, आळीपाळीने दुसऱ्याचा बहिष्कार सोसलाय, आणि कधी तो चालला, कधी आपटला, याचं उत्तर मतपेटीच्या आसपास कुठेच सापडत नाही. ते सापडतं सचिवालयात आणि लष्कराच्या छावणीत. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचाच पुरावा.

सुरुवात जनरल एर्शाद यांच्यापासून करू. लष्करशहा, सत्ता बळकावलेली, आता लोकशाहीचा शिक्का पाहिजे. १९८६ च्या निवडणुकीवर खालिदा झियांच्या बीएनपीने, म्हणजे बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीने, बहिष्कार टाकला आणि हसीनांची आवामी लीग मात्र लढली. एर्शाद यांच्या जातीय पार्टीला जागा किती मिळाल्या, तर १५३! हा निव्वळ योगायोग, पण बघून हसू येतं. बीएनपीवाले ते १९८६ अजूनही उकरून काढतात, की आम्ही बाहेर राहिलो आणि तुम्ही हुकूमशहाच्या मांडवात जेवायला बसलात. मग १९८८ मध्ये मात्र दोघीही बाहेर. एर्शादना २५१ जागा. विरोधी पक्ष म्हणून कुणीतरी दिसायला हवं म्हणून छोट्या पक्षांची एक मोट समोर बसवली, लोक त्यांना 'गृहपालित' विरोधी पक्ष म्हणायचे, म्हणजे घरी पाळलेला. तो एर्शाद १९९० च्या डिसेंबरात रस्त्यावरच्या आंदोलनाने गेला, आणि तेव्हाही शेवटचा धक्का लष्कराने हात वर केल्यावरच बसला.

१९९१ ची निवडणूक न्यायमूर्ती शहाबुद्दीन अहमद यांच्या काळजीवाहू, म्हणजे निवडणुकीपुरत्या बिगरपक्षीय, सरकारने घेतली, सगळ्यांना मान्य झाली, बीएनपी जिंकली, खालिदा पंतप्रधान. इथपर्यंत ठीक. १९९४ च्या मार्चमध्ये मागुरा नावाच्या जिल्ह्यात एक पोटनिवडणूक झाली, त्यात बीएनपीने इतका उघड गोंधळ घातल्याचा आरोप झाला की हसीना म्हणाल्या, आता यापुढे कुठलीच निवडणूक सत्तेतल्या पक्षाच्या हाताखाली नको, तटस्थ काळजीवाहू सरकार पाहिजे. खालिदांचं उत्तर बांगलादेशात अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, की तटस्थ फक्त लहान मूल असतं नाहीतर वेडा माणूस. राष्ट्रकुलाने ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांना मध्यस्थीला पाठवलं, ते महिनाभर बसून हात हलवत परत गेले. डिसेंबर १९९४ मध्ये विरोधी पक्षांच्या १४७ खासदारांनी एकदम राजीनामे दिले. आणि या आंदोलनात आवामी लीगच्या जोडीला कोण, तर जातीय पार्टी आणि जमाते इस्लामी! पुढे ज्या जमातच्या नेत्यांना हसीनांच्याच काळात १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी फाशी झाली, त्यांच्यासोबत तेव्हा एकाच मागणीसाठी एकाच वेळी हरताळ. पॉलिटिक्स आहे, चालायचंच.

१५ फेब्रुवारी १९९६. सगळे मोठे विरोधी पक्ष बाहेर. अधिकृत मतदान २१ टक्के. बीएनपीला तीनशेपैकी २७८ जागा, त्यातल्या पन्नासेक बिनविरोध. विरोधी पक्षनेता म्हणून सभागृहात बसला खोंदकर अब्दुर रशीद, जो १९७५ च्या शेख मुजीब यांच्या हत्येतल्या कटवाल्यांपैकी एक. म्हणजे हसीनांच्या बापाच्या मारेकऱ्याला विरोधी पक्षनेत्याची खुर्ची. डोकं भणाणून जाईल असं आहे हे, पण झालंय.

आणि तरीही हा बहिष्कार जिंकला. कसा? लोक मतदानाला आले नाहीत म्हणून? अजिबात नाही, तसं असतं तर १९८८ मध्येच जिंकला असता. मार्चमध्ये असहकार सुरू झाला, चितगावचं बंदर ठप्प, ढाक्याचे महापौर मोहम्मद हनीफ यांनी प्रेस क्लबजवळ 'जनतार मंच' म्हणून स्टेज टाकलं, आणि त्या स्टेजवर एक दिवस सरकारी अधिकारी येऊन बसायला लागले. सचिवालयातले लोक, ज्यांच्या सहीशिवाय फाइल हलत नाही ते. मंत्री ऑफिसात आणि खाली त्यांचेच अधिकारी सरकार जावं म्हणून घोषणा देताहेत. तिथे खेळ संपला. त्या नकली संसदेने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकच मोठं काम केलं, तेरावी घटनादुरुस्ती, म्हणजे काळजीवाहू सरकारची तरतूद, आणि मग विसर्जित. जेमतेम बारा दिवसांची संसद. जूनमध्ये पुन्हा निवडणूक, आवामी लीग १४६, बीएनपी ११६, हसीना पहिल्यांदा पंतप्रधान.

हे नीट लक्षात ठेवा हं, काळजीवाहू सरकार ही हसीनांनी बहिष्कार टाकून मिळवलेली गोष्ट, आणि ती पास केली खालिदांनी, दात ओठ खात.

२००७ चा किस्सा थोडक्यात. काळजीवाहू सरकारचा प्रमुख कोण, तर निवृत्त सरन्यायाधीश, असा नियम. मग बीएनपीने न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढवून ठेवलं, आणि विरोधक म्हणाले हे सगळं आपला माणूस त्या खुर्चीवर यावा म्हणून. भांडण एवढं पेटलं की त्या न्यायमूर्तींनी नकार दिला आणि राष्ट्रपतींनी स्वतःच ती खुर्ची घेतली. मतदार यादीत कोटीहून जास्त फाजील नावं. आवामी लीगने ३ जानेवारीला माघार जाहीर केली, ११ जानेवारीला आणीबाणी लागली आणि २२ जानेवारीची निवडणूक बारगळली. बहिष्कार पुन्हा जिंकला, पण कुणामुळे? संयुक्त राष्ट्रांनी इशारा दिला की असल्या निवडणुकीला लष्कराने संरक्षण दिलं तर शांतिसेनेतल्या त्यांच्या सहभागावर परिणाम होईल. आता बांगलादेशी सैनिकासाठी शांतिसेनेतली पोस्टिंग म्हणजे काय असतं हे सांगायला नको, घर बांधून होतं, बहिणीचं लग्न होतं. तेव्हा सेनापतींना एकाएकी लोकशाहीची काळजी वाटली. दोन वर्षं लष्कराच्या पाठिंब्यावरचं सरकार चाललं, फोटो असलेली मतदार यादी झाली, आरपार दिसणाऱ्या मतपेट्या आल्या, आणि २९ डिसेंबर २००८ ला ८० टक्क्यांच्या बरंच वर मतदान. त्या वेळी मतपत्रिकेवर 'ना भोट' पण होतं, आपल्याकडे नोटा आलं त्याच्या पाच वर्षं आधी! पुढच्याच वर्षी हसीना सरकारच्या काळात ते कायद्यातून गेलं. ते राहिलं असतं तर १५३ बिनविरोधचं काय झालं असतं, हा विचार मी बऱ्याचदा करतो.

मग २०११. सुप्रीम कोर्टाने मे महिन्यात निकाल दिला की काळजीवाहू सरकार घटनाबाह्य आहे, कारण निवडून न आलेले लोक राज्य करतात. पण त्याच छोट्या आदेशात असंही होतं की पुढच्या दोन निवडणुका हवं तर याच पद्धतीने घेता येतील. आवामी लीगने पहिला भाग उचलला, दुसरा सोडला, आणि ३० जूनला पंधराव्या घटनादुरुस्तीने व्यवस्थाच काढून टाकली. स्वतः बहिष्कार टाकून, रस्ते अडवून, माणसं गमावून मिळवलेली. आणि त्याच दुरुस्तीत ७-क कलम घातलं, की घटनाबाह्य मार्गाने सत्ता घेणं म्हणजे राजद्रोह, सगळ्यात कडक शिक्षा. २००७ चं दार बंद करून कुलूप लावलं. हे मला फार हुशारीचं वाटतं, खोटं कशाला बोलू. बहिष्काराला कुणामुळे धार येते हे हसीनांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनीच तो दोनदा वापरला होता.

आता बीएनपी म्हणायला लागली, तटस्थ सरकार पाहिजे. हो, तीच लहान मूल आणि वेडा माणूसवाली बीएनपी.

२०१३ च्या ऑक्टोबरातला तो फोनकॉल ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी. २६ तारखेच्या संध्याकाळी हसीनांनी खालिदांना फोन केला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघी बोलत होत्या. ३७ मिनिटं. देशात दुसऱ्या दिवसापासून ६० तासांचा हरताळ, लोक मरताहेत, सगळा देश टीव्हीसमोर, आता काहीतरी तोडगा निघेल म्हणून. आणि सुरुवातीचा बराच वेळ भांडण कशावरून, तर लाल टेलिफोनवरून. सरकारी हॉटलाइन असते ती. हसीना म्हणतात मी दुपारपासून तुमच्या लाल फोनवर करतेय, तुम्ही उचलत नाही. खालिदा म्हणतात तो फोन कधीचा बंद आहे, मेलेला फोन वाजेल कसा. नाही, मला रिंग ऐकू येत होती. तुम्हाला येत असेल, इथे वाजला नाही. मग १५ ऑगस्टवर घसरल्या, की माझ्या वडिलांचा खून झाला त्या दिवशी तुम्ही वाढदिवसाचा केक कापता. मग २००४ च्या २१ ऑगस्टला हसीनांच्या सभेवर झालेल्या ग्रेनेड हल्ल्यावर. मध्ये कुठेतरी गणभवनात, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानी, जेवायला या, हरताळ मागे घ्या असं निमंत्रण, आणि उत्तर, की २९ तारखेनंतर बघू, हरताळ आता मागे घेता येणार नाही. दोन दिवसांनी हे रेकॉर्डिंगच टीव्हीवर. सोळा कोटींचा देश आणि त्याचं भवितव्य मेलेल्या टेलिफोनवर अडलेलं.

बीएनपीने तेव्हा आत जायला हवं होतं का, यावर बांगलादेशी लोक अजून भांडतात. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये राजशाही, खुलना, बारिसाल, सिलहट आणि गाझीपूर अशा पाचही महापालिका बीएनपीच्या उमेदवारांनी जिंकल्या होत्या. वारं त्यांच्या बाजूने होतं. हसीना सर्वपक्षीय मंत्रिमंडळ देऊ करत होत्या, गृहखातंसुद्धा द्यायची तयारी असल्याचं बोललं जात होतं. पण पंतप्रधान त्याच राहणार. खालिदांना वाटलं १९९६ पुन्हा होईल, आपण बाहेर बसलो की सरकार कोसळेल. लग्नात रुसून बसलेल्या मामासारखं झालं ते, मामाची समजूत काढायला कुणीतरी येईल या भरवशावर मामा बसून राहतो, आणि इकडे मुहूर्त टळायच्या आत अक्षता पडलेल्या असतात.

या सगळ्यात विनोदी भाग परत एर्शाद यांचा. तोवर म्हातारे झालेले. आधी निवडणूक लढवतो म्हणाले, पक्षाचे लोक मंत्रीसुद्धा झाले. ३ डिसेंबरला म्हणाले, नाही, आमचाही बहिष्कार. दुसऱ्याच दिवशी भारताच्या परराष्ट्र सचिव सुजाता सिंग ढाक्यात, एर्शादना भेटल्या, आणि भेटीनंतर एर्शादनीच पत्रकारांना सांगून टाकलं की त्यांनी मला निवडणुकीत राहा म्हटलं, नाहीतर जमात वर येईल. मग म्हणाले मला अटक करायला आलात तर मी स्वतःला गोळी घालीन, पिस्तुलं जवळच ठेवलीत. १२ डिसेंबरच्या रात्री रॅबच्या, म्हणजे रॅपिड ॲक्शन बटालियन या सशस्त्र पोलीस दलाच्या, गाड्या आल्या आणि त्यांना लष्करी हॉस्पिटलात घेऊन गेल्या. आजार काय ते कुणाला कळलं नाही, मधूनच गोल्फ खेळत असल्याच्या बातम्या. अर्ज मागे घ्यायला पाठवलेल्या पत्रांतली काही स्वीकारली गेली, काही नाही. शेवटी हॉस्पिटलात बसल्या बसल्या ते रंगपूरमधून निवडूनही आले! जानेवारीत गुपचूप शपथ घेतली, पंतप्रधानांचे खास दूत झाले, बायको रोशन एर्शाद विरोधी पक्षनेत्या, आणि त्याच पक्षाचे तिघे हसीनांच्या मंत्रिमंडळात. गृहपालित विरोधी पक्ष ही ज्यांची देणगी, ते स्वतःच पाळले गेले.

भारताने असं का केलं हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण फक्त त्यांनाच हसतो. बीएनपीच्या काळात २००४ मध्ये चितगावला दहा ट्रक शस्त्रं सापडली होती, ती आसाममधल्या उल्फा या फुटीर संघटनेकडे जायची होती. हसीनांनी आल्या आल्या उल्फाचे लोक पकडून दिले. दिल्लीचा हिशोब सरळ होता. युरोपियन युनियन, अमेरिका, राष्ट्रकुल, कुणीच निरीक्षक पाठवले नाहीत. पाठवले फक्त भारत आणि भूतानने. तिथल्या सामान्य माणसाच्या डोक्यात ते पक्कं बसलं, आणि २०२४ नंतर जो राग बाहेर आला त्यातला बराचसा इथला आहे असं माझं मत आहे.

दुबईत असताना आमच्या साइटवर एक फोरमन होता, चांदपूरचा. पद्मा आणि मेघना एकत्र होतात तिथलं गाव, इलिश माशाचं गाव. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. इलिशवर बोलायला लागला की तास जायचा, पद्मेचा इलिश आणि बर्मेचा इलिश यातला फरक त्याला नुसत्या तेलाच्या वासावरून कळायचा म्हणे. राजकारण विचारलं की मात्र हात झटकायचा. त्या जानेवारीत कॅन्टीनच्या टीव्हीवर जळालेल्या शाळा दाखवत होते, मी सहज विचारलं, भाई, तुमच्याकडे कसं झालं मतदान? तर म्हणाला, "हमारा जिला में तो डिब्बा ही नहीं आया." मला वाटलं थट्टा करतोय. नंतर वाचलं, चांदपूर, राजबाडी, जयपूरहाट, शरियतपूर आणि मादारीपूर या पाच जिल्ह्यांत एकाही जागेवर मतदान नव्हतं, सगळ्या बिनविरोध. आख्खा जिल्हा आणि मतपेटीच नाही. त्याचा धाकटा भाऊ पहिल्यांदा मतदार झाला होता, फोटोवालं कार्ड आलं होतं, ते त्याने सिमकार्ड घ्यायला वापरलं. भाई कुठल्या पक्षाचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण एक गोष्ट तो चिडून बोलला होता, की एकाने पेटी आणली नाही, दुसरा म्हणतो पेटीकडे जाऊ नको, दोघांनाही माझं काम नाही.

जिथे मतदान झालं तिथली अवस्था तर वाईटच. शंभराहून जास्त केंद्रं आदल्या दोन दिवसांत जाळली होती, केंद्रं म्हणजे अर्थात शाळा. मतदानाच्या दिवशी वीसच्या आसपास माणसं मेली. काही केंद्रांवर एकही मत पडलं नाही. आदल्या महिन्यांत बसवर पेट्रोल बॉम्ब, ढाका मेडिकल कॉलेजचा बर्न युनिट भरून वाहत होता. आणि मतदान संपल्यावर जशोर जिल्ह्यात अभयनगरच्या मालोपाड्यात कोळी समाजाची हिंदू घरं फोडली, जाळली, बायकामुलांनी नदी ओलांडून जीव वाचवला. का, तर तुम्ही मत द्यायला गेलात. बहिष्काराचं हे अंग आपल्या ग्रुपवाल्यांना दिसत नाही. पक्ष घरी बसतो तेव्हा तो कार्यकर्त्यांना सांगतो की लोक पण घरी बसले पाहिजेत, आणि मग ते 'बसवले' जातात. खालिदांच्या स्वतःच्या घरासमोर डिसेंबरच्या शेवटी सरकारने वाळूचे ट्रक आडवे लावून ठेवले होते, त्यांना बाहेर पडता येऊ नये म्हणून. पण त्या निदान दाराशी येऊन पत्रकारांशी बोलू शकत होत्या, मालोपाड्यातल्या बाईचं कोण ऐकणार.

आपल्याकडे गावं मतदानावर बहिष्कार टाकतात ना, रस्ता नाही म्हणून, पाणी नाही म्हणून, तेव्हा काय होतं बघा. तहसीलदार येतात, प्रांत येतात, कुणीतरी लेखी आश्वासन देतं, कारण शून्य मतदान त्यांच्या रिपोर्टमध्ये वाईट दिसतं. तिथे कुणालातरी तुमचं मत हवं असतं. पण पक्षाने बहिष्कार टाकला तर सत्तेतल्या माणसाला हायसंच वाटतं, स्पर्धकच गेला. १९९२ मध्ये पंजाबात अकालींच्या बहुतेक गटांनी बहिष्कार टाकला, जेमतेम २४ टक्के मतदान झालं, आणि बेअंतसिंग मुख्यमंत्री झालेच की.

तर २०१४ मध्ये सचिवालय फुटलं नाही, छावणी हलली नाही, बाहेरचे देश महिनाभर नाराज राहिले आणि मग व्यापाराला लागले. बीएनपीला हे कळलंही लगेच, कारण दीडेक महिन्यात उपजिल्ह्यांच्या निवडणुका त्यांनी लढवल्या आणि पहिल्या टप्प्यांत चांगल्या जिंकल्या! म्हणजे लोक होते.

मग लढलं असतं तर? याचं उत्तर २०१८ ने दिलं. त्या वेळी खालिदा तुरुंगात, बीएनपी कमाल हुसेन यांच्या आघाडीतून लढली, आणि मिळाल्या सहा जागा. तीनशेतल्या सहा. मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्या होत्या असं बांगलादेशात शेंबडं पोरही सांगतं. म्हणजे बाहेर बसा तर शून्य, आत जा तर सहा. अशा ठिकाणी लढायचं की नाही ही चर्चाच फिजूल आहे, आणि म्हणून २०२४ च्या बहिष्काराबद्दल मी बीएनपीला नावं ठेवत नाही.

७ जानेवारी २०२४ ला सरकारलाच १५३ ची लाज होती. हसीनांनी पक्षाच्या लोकांना सांगितलं की बिनविरोध कुणी यायचं नाही, डमी उमेदवार उभे करा. म्हणजे आवामी लीगचा अधिकृत माणूस पक्षाचं होडी चिन्ह घेऊन, आणि आवामी लीगचाच दुसरा माणूस अपक्ष. असे अपक्ष ६२ निवडून आले. बीएनपीचे बडे नेते तुरुंगात, आणि कृषिमंत्री अब्दुर रज्जाक यांनी टीव्हीवर बोलून टाकलं की निवडणुकीला आलात तर एका रात्रीत सगळ्यांना सोडतो असा प्रस्ताव दिला होता, ते ऐकेनात. एकाने ऐकलं. बीएनपीचे शाहजहान ओमर, जाळपोळीच्या केसमध्ये आत होते, जामीन मिळाला, बाहेर आले, आणि दुसऱ्या दिवशी झालोकाठीतून आवामी लीगचे उमेदवार, होडी चिन्ह! जिंकले पण. मतदानाच्या संध्याकाळी मुख्य निवडणूक आयुक्तांच्या तोंडून आधी २८ टक्के गेलं, बाजूच्यांनी सुधारलं तेव्हा ४०. त्याच दिवशी मागुऱ्यातून शाकिब अल हसन खासदार झाला, आपल्या लोकांना त्या निवडणुकीतली तेवढीच बातमी माहीत असते. मागुरा तोच, जिथल्या पोटनिवडणुकीने हे सगळं सुरू झालं. शाकिबची खासदारकी सात महिने टिकली.

५ ऑगस्ट २०२४ ला हसीना हेलिकॉप्टरने गेल्या. काही लोक म्हणतात की हा त्या बहिष्कारांचा उशिरा आलेला निकाल. मला अर्धंच पटतं. बहिष्काराने सरकार पडलं नाही, सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून पोरं रस्त्यावर आली, शेकडो मेली, आणि मग सेनाप्रमुखांनी गोळ्या झाडायला नकार दिला. परत छावणीच. पण एवढं खरं, की तीन-तीन निवडणुका अशा झाल्यावर सरकारकडे दाखवायला एक मत नव्हतं. बंदूक सोडून हातात काहीच नाही, आणि तीही धरणारे मागे सरले.

त्यानंतरचा हिशोब तर कुणी नाटकात लिहिला तर लोक म्हणतील फार ओढूनताणून आणलंय. मे २०२५ मध्ये आवामी लीगच्या कामांवर बंदी आली, आयोगाने नोंदणी स्थगित केली, होडी मतपत्रिकेवरूनच गेली. त्यांचे लोक तेव्हा म्हणायला लागले की आमच्याशिवाय होणारी निवडणूक सर्वसमावेशक नाही, शब्दन् शब्द बीएनपीच्या जुन्या पत्रकांतला. ज्या सरन्यायाधीशांनी २०११ मध्ये काळजीवाहू सरकार घटनाबाह्य ठरवलं त्या खैरुल हक यांना जुलैत अटक झाली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती तेरावी दुरुस्ती परत जिवंत केली, तीच, बारा दिवसांच्या संसदेने केलेली. फक्त लगेचच्या निवडणुकीला ती लागू नव्हती, त्याच्या पुढच्या निवडणुकीपासून.